वाढीव जोतं

ओव्हरसियर मोतीलालजींनी टेपचं एक टोक माझ्या हातात दिलं आणि दुसरं घेऊन ते माझ्या घराच्या पलीकडच्या अंगाला गेले. घर म्हणजे अजून घर नव्हतं. गुडघ्याच्या थोडं वर आलेलं दगडांचं जोतं, आत दाबून भरलेला मुरूम आणि एका कोपऱ्याला उरलेल्या दगडांचा ढीग, एवढंच होतं. टेप ताणली गेली. मोतीलालजी वाकले होते ते वाकलेलेच राहिले. मग त्यांनी खिशातून चष्मा काढला, तो लावून पुन्हा वाकले, काखेतला नकाशा जोत्यावर पसरला आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून त्यावर एक खडा ठेवला. "दुलीचंदजी, टेप ठीक से पकड़े हैं न?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "हौ साहेब." "फिर ये हाथ भर ज़्यादा कैसे हो गया?" असं ते म्हणाले आणि माझ्याकडे बघत राहिले. रागानं नव्हे. चांगल्या घरच्या पोराच्या खिशात दुसऱ्याची वस्तू सापडावी तसं.

आता माझा धंदाच मोजण्याचा. बालाघाटच्या जंगल डेपोत बैहरकडून ट्रक येतात, लाकडं उतरतात आणि मी प्रत्येक लाकडाची लांबी अन् घेर मोजून ओरडतो. ठेकेदार मला टेपमास्तर म्हणतात, निम्मं चेष्टेनं आणि निम्मं भिऊन, कारण माझ्या हातून बोटभरही कधी सुटत नाही. आणि या टेपमास्तरनं स्वतःच्या जोत्याला एकदाही टेप लावली नव्हती. आळस नव्हे तो. डेपो सुटला की मी रोज सायकल इकडे वळवायचो, रस्त्यावरच पाय टेकायचो आणि तिथूनच बघायचो. महागू मिस्त्रीनं दिवसभरात चढवलेला दगडांचा नवा थर दिसायचा. जमिनीतून काहीतरी वर येत होतं आणि त्याला माझं नाव होतं. आमच्या घराण्यात आजवर कुणाच्या नावानं काही वर आलेलं नव्हतं. देवळात गाभाऱ्यापाशी लोक जसे दोन पावलं मागे थांबतात तसा मी थांबायचो. खरं म्हणजे देवळात आम्हांला कुणी तेवढंही जाऊ दिलं नव्हतं आणि दीक्षा घेतल्यापासून आम्हीच देवळं सोडून दिली होती, पण थांबण्याची ती रीत अंगात कुठून आली होती कोण जाणे. अशा वस्तूला टेप लावायची मला लाज वाटली. आता ती लाज महागात पडणार होती. ही सरकारी कर्जाची योजना लहान माणसाच्या लहान घरासाठी, मंजूर नकाशाबाहेर जोतं गेलं की घर लहान राहत नाही, मग पुढची किस्त बंद आणि पहिली उचललेली परत. दगड-मुरमात गेलेली किस्त मी परत कुठून करणार? मी नाही केली तर जमानतदारांकडून वसूल. आणि त्यांतले एक जमानतदार, शालिकरामजी, सकाळच्या गाडीनं राजेगावहून मुद्दाम आलेले होते, प्लॉटच्या बाहेर मोहाच्या झाडाखाली छत्री टेकवून उभे होते आणि सगळं ऐकत होते.

शालिकरामजींकडे बघायची मला हिंमत झाली नाही. मी टेपचं टोक धरूनच राहिलो. ते सोडलं तर जोतं आणखी वाढेल असं काहीतरी मला वाटत असावं.

हे कर्ज मिळवायला मी किती उंबरे झिजवले ते आठवलं की अजून हसू येतं. सोसायटीत गेलो तर त्यांनी विचारलं, शेती किती? शेती नाही म्हटल्यावर त्यांनी इतक्या प्रेमानं पाणी पाजलं की उठायलाच लागलं. बाजारातल्या शेटजींनी बायकोच्या अंगावर काय आहे ते विचारलं. ललिताच्या अंगावर होता ताप, तो त्यांनी धरला नसता. मग डेपोतल्या बडेबाबूंनी सांगितलं, अरे, कमी पगारवाल्यांसाठी सरकारचीच योजना आहे, कचेरीत जाऊन विचार तरी. कचेरीतल्या माणसानं कान कोरता कोरता सगळं समजावलं आणि शेवटी म्हणाला, मकान सरकारकडे गिरवी राहील. मी म्हणालो, "पर साहब, मकान तो है ही नहीं." तो म्हणाला, "बनेगा न." त्यानं पुढच्या माणसाला हाक मारली. मी बाहेर येऊन पायरीवर बसलो. दोन माणसं मला ओलांडून गेली, मला सुचेना उठावं कसं. जे नाही तेच गहाण ठेवून घेणारं कुणीतरी या जगात होतं. आमच्या बापाला असलेल्या दोन हातांवरसुद्धा कुणी उधार दिलं नव्हतं, आणि इथे हा कान कोरणारा माणूस माझ्या नसलेल्या भिंती धरून चालला होता. त्या दिवशी मी घरी जाऊन किरायाच्या खोलीच्या भिंतींकडे बघत बसलो. माय दोनदा म्हणाली, "काहून रे, बरं नाई काय तुले?"

पण जमानतदार दोन लागत होते. एक पक्का नोकरदार, ते बडेबाबू झाले. दुसरा जमीनवाला. जमीनवाला माणूस माझ्या ओळखीचा कोण? बाप, प्रेमलाल, आयुष्यभर राजेगावला शालिकरामजींच्या घरी सालदार होता. त्यांच्या धानाच्या बांध्या त्यानं रोवल्या, त्यांचे बैल त्यानं राखले आणि त्याचा चहाचा कप त्यांच्या गोठ्याच्या भिंतीत वेगळा ठेवलेला असे. मी गेलो. अंगणात गेलो आणि बघतो तो माझे पाय आपोआप गोठ्याच्या त्याच भिंतीपाशी थांबलेले, जिथे बाप थांबायचा. मला स्वतःचा इतका राग आला की बोलायचं पाठ केलेलं सगळं विसरलो आणि फक्त "जमानत पाह्यजे" एवढंच तोंडातून निघालं. शालिकरामजी खाटेवर बसून दोर वळत होते. दोर वळायचा त्यांनी थांबवला नाही. "घर कोठी बांधून राह्यला?" त्यांनी विचारलं. सांगितलं. "खोल्या किती?" सांगितलं. "तुळसाबाई राहीन ना त्यात?" मी म्हणालो, हौ, माय राहीन. मग म्हणाले, "उद्या येतो मी. कचेरी कितीले उघडते?" बस, एवढंच. दुसऱ्या दिवशी धुतलेलं धोतर नेसून आले आणि कागदावर माझ्या नावाखाली त्यांनी आपलं नाव लिहिलं. माझं वर, त्यांचं खाली. कारकुनानं त्यावर टिपकागद दाबला तरी मी बघतच होतो. आपली वडिलोपार्जित बांधी या माणसानं माझ्या भरवशावर टांगली होती. काहून? हे मी त्यांना कधी विचारू शकलो नाही, आणि विचारता न आलेली गोष्ट माणसाला नीट झोपू देत नाही. उपकार झाला होता हे कळत होतं. पण तो कप पण आठवत होता.

"मिस्त्री!" मोतीलालजींनी हाक मारली. महागू हात पुसत आला. त्याला विचारलं तर त्यानं कानाची पाळी धरली. "म्या तं खुंटीच्या सुतावर नीव खोदली, साहेब. खुंट्या तुमच्याच मानसानं ठोकल्या व्हत्या. माह्यावाली चूक नाई." "तो खुंटी किसने हटाई?" मोतीलालजींचा आवाज पहिल्यांदा चढला. "भई, मेरी रिपोर्ट पर पैसा निकलता है। मैं क्या लिखूँ?" दूर छोट्या लाइनच्या गाडीनं शिटी दिली. दगडांच्या ढिगापाशी माय आणि ललिता बसल्या होत्या. साहेबांसाठी चहा करून किटलीत आणला होता आणि तो देण्याची वेळ कुणालाच समजत नव्हती.

"म्या सरकवल्या," माय म्हणाली.

तिनं ते असं सांगितलं की जणू म्हैस हलवून बांधली. मी टेप सोडली. ती सरसरत मोतीलालजींच्या हातात गेली. "माय!" मी म्हणालो. "तुले कोनं सांगितलं व्हतं?" माझा आवाज मलाच परका वाटला. ती माझ्याकडे न बघता साहेबांना म्हणाली, "त्याले माहीत नाई, साहेब. त्याले काई बोलू नका."

तेव्हा मला तो चुन्याच्या रेघांचा दिवस आठवला. खुंट्या ठोकल्या, सूत बांधलं आणि जमिनीवर पांढऱ्या रेघा ओढल्या, तेव्हा आम्ही तिघंही त्या रेघांकडे बघत राहिलो होतो. एवढंसं? इतके उंबरे झिजवून, इतकी माणसं गुंतवून, आकाशाखाली हा एवढासा चौकोन? मी त्यात उभा राहिलो आणि मला वाटलं एक ढांग टाकली तर घराबाहेर पडीन. महागू हसून म्हणाला होता, "चुन्यात घर लहानच दिसते, बाबूजी. भिती उभ्या झाल्या का वाढते." त्याच्या बोलण्यानं मला धीर आला. मायला आला नसावा. ती रेघांच्या कडेकडेनं चालत राहिली होती आणि संध्याकाळी, गोवऱ्या आणते म्हणून, एकटीच कुठेतरी गेली होती. चांगली उशिरानं परत आली. लुगड्याला पाठीकडून चुना लागला होता आणि ललितानं तो झटकलासुद्धा होता. आम्हांला वाटलं कुठे टेकली असेल.

"काहून सरकवल्या, माँजी?" मोतीलालजी असे अचानक आमच्या बोलीत उतरले आणि त्यामुळे सगळेच थोडे सैल झाले. माय उठली. जोत्याला पायरी नव्हती. तिनं हात टेकून गुडघा वर घेतला आणि चढली. ललिता धावली तर तिला नको म्हणाली. मुरमावर मधोमध जाऊन तिनं पदर सारखा केला आणि सगळ्यांदेखत, भर दुपारी, चार पुरुषांसमोर ती आडवी झाली. पाठीवर. पाय जुळवून, हात छातीवर. "आत्याबाई, असं नका करू," ललिता रडवेली झाली. "थांब वं," माय म्हणाली, "साहेबाले पाहू दे."

ती किती लहान होती. हे मला ठाऊक नव्हतं. जिच्या खांद्यावर बसून मी राजेगावचा बाजार पाहिला ती माय मुरमावर इतकी थोडी जागा घेत होती की डेपोतलं कुठलंही लाकूड तिच्यापेक्षा लांब निघालं असतं, आणि माझ्या मनातला तो दरिद्री टेपमास्तर तशाही वेळी तिची लांबी ओरडू पाहत होता. मी डोळे मिटून घेतले.

"मानूस असं पडते, साहेब," ती आभाळाकडे बघत बोलत होती. "माहा मानूस गेला तं किरायाच्या खोलीत त्याले सरका झोपवता नाई आलं. कोन्यात तिरपा ठेवला. पाय दाराच्या बाह्यर. लोक रस्त्यावर बसले. त्या दिशी रेघा मारल्या ना, तं म्या यात पडून पाह्यलं. मावली. पन बाजूनं बसाले जागा नोयती. म्हनून खुंटी वाढवली. जास्त नाई, एका मानसापुरती." मग तिनं हात उचलला आणि न बघता जागा दाखवू लागली. "उशापाशी सूनबाई बसंन. इकडं दुली. पायापाशी गल्लीतल्या बाया. अन् इकडं, भिताडाच्या अंगानं," तिचा हात वाढलेल्या त्या हातभर पट्टीवर येऊन थांबला, "इकडं मालक बसतीन."

मालक म्हणजे शालिकरामजी. बाप गेला त्या दिवशी शालिकरामजी राजेगावहून सायकल मारत आले होते. गल्लीत आले, समोरच्या निंबाखाली सायकल लावली आणि प्रेत उचलेपर्यंत तिथेच उभे राहिले. आत आले नाहीत. उंबऱ्यापर्यंतही आले नाहीत. तिथूनच हात जोडले. मी बापाजवळ बसून दारातून त्यांच्याकडे पाहत होतो आणि त्या पाहण्यातून अजून बाहेर आलो नव्हतो. मी हे कितीदा तरी मायला म्हटलं होतं, की ते आत का नाही आले ते मला कळत नाही असं समजू नकोस. आणि प्रत्येक वेळी ती एकच उत्तर द्यायची: "आत जागा कोठी व्हती, बाप्पा?" मला वाटायचं, ही त्यांना सांभाळून घेते, जन्मभराची सवय. आता कळत होतं की तिनं ते उत्तर खरं मानलं होतं, किंवा खरं करून दाखवायचं ठरवलं होतं. सरकारच्या खुंट्या उपटून तिनं एका माणसापुरती जागा काढली होती, म्हणजे पुढच्या वेळी जागा नव्हती असं कुणाला म्हणता येऊ नये. मला तिची भीती वाटली. खरंच वाटली. ही बाई माझ्या घरात इतकी वर्षं भाकरी थापत होती आणि मी तिला भोळी समजत होतो.

मोहाच्या झाडाखाली छत्री पडल्याचा आवाज झाला. शालिकरामजी येत होते. जोत्यापाशी त्यांनी जोडे काढले, अगदी एकाशेजारी एक ठेवले, धोतराचा सोगा वर खोचला आणि चढले. दम लागला त्यांना. मायनं दाखवलेल्या पट्टीवर जाऊन ते मांडी घालून बसले. माय उठून बसू लागली तर म्हणाले, "पडून राह्य, तुळसाबाई. साहेबाचं काम नाई झालं अजून."

मोतीलालजी नकाशावरचा खडा या हातातून त्या हातात करत राहिले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग एकदम कामाच्या आवाजात महागूला म्हणाले, "सुनो मिस्त्री. भिंत नकाशाच्या रेघेवरच उठंन. नवी नीव खोदा, दगड पडे हैं। बाहर जो बचेगा वो खुला ओटा। उस पर न भिंत, न छप्पर। ओट्याचा हिसाब मकानात धरत नाही. मैं यही लिखूँगा, और दीवार देखने फिर आऊँगा।" महागूनं मान हलवली, आपल्या पोटावर थापही मारून घेतली. किस्त वाचली होती. बांधी वाचली होती. ललिता किटली घेऊन उगाचच दगडांभोवती फिरली.

महागूनं घमेल्यातून चुना घेतला. मोतीलालजींनी स्वतः टेप धरून दोन ठिकाणी खूण केली, आणि महागू वाकून मुरमावर नवी रेघ सोडत निघाला. रेघ मायच्या हातापासून थोडी लांबून गेली आणि शालिकरामजींच्या अलीकडून. ते रेघेबाहेर पडले. सरळ पडले; त्यांचा गुडघासुद्धा आत राहिला नाही. महागू तिथे येऊन घुटमळला. त्याच्या मुठीतून चुना थोडा जास्तच सांडला. मायनं मान वळवून ती रेघ पाहिली आणि तिचा चेहरा पडला.

"घ्या," ती म्हणाली. "मालक बाह्यरच राह्यले."

तिला वाईट वाटलं होतं, साधंच, पाहुण्याला वाढायला घेतलं आणि भांड्यात काही उरलं नसावं तसं. मी शालिकरामजींकडे पाहिलं. आता त्यांना कारण मिळालं होतं. सरकारी कारण. या वेळी तर खरोखरच आत जागा नव्हती, आणि त्याला साक्षीला ओव्हरसियर होता, नकाशा होता. त्यांनी ती रेघ थोडा वेळ बघितली. मग दोन्ही हात मुरमावर टेकून अंग उचललं आणि बसल्या बसल्याच रेघ ओलांडून आत सरकले. धोतराखाली चुना फराटला. त्यांचा गुडघा मायच्या दंडाला लागला. तिनं दंड काढून घेतला नाही आणि त्यांनी गुडघा.

"काहून बाह्यर?" ते म्हणाले. "दाटून बसू."

पुसलेल्या रेघेकडे बघून महागू म्हणाला, "पुन्हा मारतो," पण तो हलला नाही. मोतीलालजी नकाशाची घडी घालत होते आणि ती घडी त्यांना जमत नव्हती. ललिता केव्हा वर चढली ते मी पाहिलं नाही. ती मायच्या उशापाशी जाऊन बसलेली होती. दगडांचा तो गुडघाभर चढ, ज्यावर सगळी माणसं एकेक करून गेली होती, त्याच्यासमोर मी रोजच्यासारखा दोन पावलं मागे थांबून बघत होतो. जगात इतकं काही एका दुपारी होऊ शकतं हे मला पेलत नव्हतं.

माय कोपरावर उठली. तिनं माझी जागा हातानं चाचपली, ती रिकामी होती.

"अन् तू काहून खाली उभा?" ती म्हणाली.